बिगुलानंतरची हजेरी

थायलंडच्या एका खासदाराची राजकीय कारकीर्द बडोद्याजवळच्या सावली गावातल्या एका हातपंपापाशी सुरू झाली, आणि ती सुरू करून देणारा गाढव मी होतो. हे वाक्य मी आजवर निदान शंभर जणांना ऐकवलं असेल. लग्नाच्या पंगतीत, कोर्टाच्या बार रूममध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत, तोंडात कापूस कोंबलेला असताना. ऐकणारे हसतात, मग मला चेव येतो, मी पुढची गोष्ट हातवारे करून सांगतो, आणि दर वेळी तिच्यातला एक तुकडा गुपचूप गाळतो. गाळलेला तुकडा मोठा नाही, एका वाक्याएवढाच आहे. आज तो लिहायचाच म्हणून बसलो आहे. सौभाग्यवतींनी दोनदा विचारलं, "एवढं काय लिहिताय? मृत्युपत्र का?" तिला म्हटलं, जवळजवळ तसंच.

आमचं घर फतेगंजात, लष्करी लाइनींच्या पाठीला. खाली आई, बाबा आणि मी, आणि वर गच्चीला लागून एक खोली, ती आई विद्यापीठात शिकायला आलेल्या परगावच्या मुलांना द्यायची. घराला घड्याळ होतं, पण ते भिंतीच्या शोभेचं. वेळ आम्ही लाइनीतल्या बिगुलावर मोजायचो. सकाळचा बिगुल म्हणजे बंब पेटवायचा, संध्याकाळचा बिगुल म्हणजे ताटं मांडायची. आणि ताटं मांडली की हजेरी. ही हजेरी म्हणजे काय ते नीट सांगितलं पाहिजे, कारण बडोद्यातल्या दुसऱ्या कुठल्या घरात मी ती पाहिली नाही. आमचे आजोबा संस्थानच्या पागेत होते. त्यांच्या तुकडीत म्हणे संध्याकाळी शिधा वाटण्याआधी प्रत्येक स्वारानं त्या दिवसाची आपली चूक आपल्याच तोंडानं सांगायची: नाल सैल राहिला, खरारा राहिला, पहाऱ्यावर डुलकी लागली. संस्थान गेलं, पागा गेली, घोडे गेले. आजोबांनी हजेरी तेवढी घरी आणली आणि बाबांनी ती चालू ठेवली. बाबा रजिस्ट्रार कचेरीत हेडक्लार्क होते. दुसऱ्यांच्या दस्तऐवजांतल्या चुका काढण्यात दिवस गेलेला माणूस संध्याकाळी स्वतःची चूक सांगायला ताटामागे सरळ उभा राहायचा. आम्हीही उभे. एकेकानं सांगायचं, आणि बाबा म्हणायचे, "ऐकलं. जेव आता." बस. रागावणं नाही, उलटतपासणी नाही, आणि हजेरीत सांगितलेली गोष्ट पुन्हा घरात कोणी काढायची नाही, हा कडक नियम. बाबांचं स्वतःचं सांगून झालं की "ऐकलं, जेवा आता" हे आई म्हणायची. आईच्या चुका बहुधा धोक्याच्या सूचना असायच्या: "आज वरणात मीठ दोनदा पडलंय." माझी पद्धत वेगळी होती. मोठी चूक झाकायला मी छोटी चूक पुढे करायचो. तास बुडवून सिनेमाला गेलो असेन त्या दिवशी मी मान खाली घालून सांगायचो, "आज चप्पल उंबऱ्यातच काढली." ऐकलं. जेव आता. मी जेवायचो, आणि चांगला चार पोळ्या जेवायचो.

अशा घरात कमोल आला. थायलंडच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरच्या एका गावचा. आई सुकी मासळी विकायची, वडील नव्हते, शिष्यवृत्तीवर आमच्या लॉ फॅकल्टीत दाखल झालेला. अंगानं बारीक, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेला, आणि बोलताना समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणारा. ही शेवटची सवय आमच्या वर्गात दुसऱ्या कोणालाही नव्हती. त्याच्या नावाचा अर्थ कमळ, हे कळल्याबरोबर आई म्हणाली, "अगं बाई, म्हणजे आमच्या कमलमावशीचंच नाव की!" आणि त्या दिवसापासून तो घरात कमल झाला. तो बाबांना काका म्हणायचा. आईला दोन दिवस काकू म्हणाला, तिसऱ्या दिवशी मी मारतो ती हाक ऐकून आई म्हणायला लागला. मला विन्या. माझं नाव विनायक, पण ते घरात थट्टेशिवाय कोणी वापरलेलं त्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी मी त्याला जिन्यात गाठून सांगितलं की आमच्याकडे जेवणाआधी प्रार्थना असते, तुझ्या भाषेत काहीही म्हण. बिगुल झाला. माझी पाळी झाली. कमोलनं हात जोडले, डोळे मिटले आणि त्याच्या देवळातलं काहीतरी लांबलचक, गोड चालीत म्हटलं. संपेचना. आमटी निवली. बाबांनी ते सगळं उभ्यानं, मान किंचित झुकवून ऐकलं आणि म्हणाले, "ऐकलं. जेव आता." मी ताटात तोंड घालून हसत होतो. खरा प्रकार त्याला आईकडून दुसऱ्या दिवशी कळला. त्या संध्याकाळी तो उभा राहिला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "काल मी चूक सांगितली नाही. प्रार्थना सांगितली. ही आजची चूक." आपल्याला कोणी फसवलं त्याचं नाव त्यानं घेतलं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हे आता लिहिताना लक्षात येतंय, की पुढे जे घडलं त्याची रंगीत तालीमच होती ती.

त्याच्या ट्रंकेत एक बाटली होती. मासळी खारवून तिचं जे पाणी सुटतं, त्याची. तिकडे म्हणे त्याच्याशिवाय घास उतरत नाही. तिचं बूच पहिल्यांदा निघालं तेव्हा शेजारच्या कांताबेन भिंतीपलीकडून ओरडल्या, "वहिनी, गटर फाटी के शुं?" आम्ही मांसमच्छी खाणारे, पण आईनंही नाकाला पदर लावला, आणि बाटलीची रवानगी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे झाली. कमोल ताट घेऊन वर जायचा, दोन थेंब टाकायचा, खाली यायचा. असे तीन महिने गेले. मग एका रविवारी मटणाचा रस्सा वाढण्याआधी आई हजेरीला उभी राहिली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "दीड-दोन महिने झाले, रविवारच्या रश्श्यात मी त्या बाटलीतलं चमचाभर घालते." बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. कारण गेल्याच रविवारी ते म्हणाले होते की हल्ली तुझ्या हाताला काय चव आली आहे. "ऐकलं," बाबा म्हणाले. "जेव आता." आणि वाटी पुढे केली. पहिली बाटली अशी आईनं संपवली. दुसरी, कमोलच्या आईनं कोणा येणाऱ्याबरोबर पाठवलेली, काठोकाठ भरलेली, आठवड्याभरात गच्चीवर फुटलेली सापडली. मांजराचं काम, असं घरात ठरलं. काचा वेचताना कमोल बोट ओलं करून चाटत होता, ते मी पाहिलं.

आता माझ्याविषयी. त्या वयात माझी खात्री होती की मी वक्ता आहे. आवाज होता, उंची होती, फक्त सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि ती उणीव मी 'महायज्ञ' या शब्दानं भरून काढायचो. वक्तृत्व स्पर्धेत शिक्षणाच्या महायज्ञात. मामेबहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं झाल्यावर, कोणी विनंती केलेली नसताना, संसाराच्या महायज्ञात. गल्लीच्या गणपतीची वर्गणी मागताना लोकोत्सवाच्या महायज्ञात आहुती. गॅसच्या नंबरासाठी बाबांनी अर्ज लिहायला सांगितला, तर त्यातही कुठेतरी तो बसवला होता. बाबांनी लाल पेन्सिलीनं खोडला. सकाळी गच्चीवर माझी भाषणाची तालीम चालायची. खालून बाबांची हाक यायची, "विनायकराव, यज्ञ आटोपला असेल तर दूध आणा." कमोल मात्र पायरीवर बसून ऐकायचा. एकदा म्हणाला, "विन्या, तू फार छान बोलतोस. पण ऐकणाऱ्याला काही विचारत नाहीस." मी म्हटलं, भाषणात विचारायचं नसतं, सांगायचं असतं. तो म्हणाला, "हो का." त्याच्या या 'हो का'चा अर्थ मला समजायला फार वर्षं लागली.

आम्ही शेवटच्या वर्षाला होतो आणि परीक्षेला दीड-दोन महिने राहिले होते, तेव्हा सावलीचे भास्करमामा निवडणुकीला उभे राहिले. मामांचं खताचं दुकान होतं आणि कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं की तालुक्याला आता तुमच्याशिवाय तरणोपाय नाही. अपक्ष. निशाणी शिडी. मामा एक खरीखुरी बांबूची शिडी जीपच्या टपावर बांधून प्रचाराला निघायचे, आणि वळणावर ती दर वेळी कोणाच्या तरी वळचणीला अडकायची. एका रविवारी ते म्हणाले, "विनू, तू एवढा बोलतोस, चल माइक धर." मी कमोललाही ओढलं. तो म्हणाला, अभ्यास आहे. मी म्हटलं, मामी उंधियो करणार आहे. तो आला. परदेशी विद्यार्थ्यानं इथल्या निवडणुकीच्या प्रचारात पडू नये, हे आम्हा दोघा कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. खरं सांगायचं तर त्याच्या नव्हतं. माझ्या मनात एकदा येऊन गेलं होतं, पण उंधियोच्या वासानं मागे पडलं.

पहिल्या तीन ठिकाणी मी बोललो. पहिल्या ठिकाणी दहा माणसं होती, शेवटी चार उरली. दुसऱ्या ठिकाणी एक म्हैस शेवटपर्यंत थांबली, पण ती बांधलेली होती. चौथं ठिकाण म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतला हातपंप. बायकांची घागरींसकट रांग लागली होती. माझा घसा बसला होता. मामा म्हणाले, आता काय? मी थट्टेनं माइक कमोलच्या हातात दिला आणि म्हटलं, बोल. कमोलचं गुजराती भाजीवाल्यांकडून आणि कांताबेनकडून उचललेलं, छोट्या छोट्या वाक्यांचं. तो जीपमधून खाली उतरला, माइकची वायर ओढत रांगेपाशी गेला आणि पहिल्या बाईला नुसतं विचारलं, "मासी, क्यारनां ऊभां छो?" केव्हापासून उभ्या आहात, एवढंच. आणि माइक तिच्या तोंडापुढे धरला. ती बाई दचकली. मग म्हणाली, "सवारनी, भाई!" सकाळपासून. तिचा तो आवाज भोंग्यातून साऱ्या वस्तीवर घुमला. तिनं तो स्वतःच ऐकला आणि तिला हसू आलं. मग कमोलनं विचारलं, पंपाला काय झालंय. ती म्हणाली, साखळी तुटलीय, दांडा दहा वेळा मारला की पेलाभर येतं. कोणाला सांगितलं? सांगितलं की, तो आला, बघून गेला. कधी? गेल्या होळीच्या आधी. प्रत्येक उत्तर भोंग्यातून. घराघरांतून माणसं बाहेर आली. मागच्या बाया म्हणायला लागल्या, मला दे, मला बोलू दे. अर्धा तास तो माइक वस्तीत फिरत होता आणि कमोल मोजून दहा-बारा वाक्यं बोलला असेल. मी शिडीखाली बसून पाहत होतो. मला मत्सर वाटत होता, दुसरा शब्द नाही. एवढी गर्दी माझ्या शब्दांना कधी जमली नव्हती, आणि ती माझ्या शब्दांशिवाय संपणार होती. म्हणून तो निरोप घ्यायला लागला तेव्हा मी मागून जाऊन त्याच्या कानात म्हटलं, "शेवटी हे म्हण." आणि वाक्य सांगितलं. त्यानं वळून पाहिलं. "म्हणायलाच पाहिजे?" "मामांसाठी. एवढंच म्हण." त्यानं माझ्यावर विश्वास टाकून ते अडखळत, शब्द न् शब्द, म्हटलं.

येताना मामा एवढे खूश होते की शिडी मोडली तरी हसले. मामींनी त्याच्या पानात उंधियोचा डोंगर केला. आणि पुढच्या आठवड्यात, आम्ही कॉलेजातून घरी आलो तर बाबा कचेरीतून लवकर आलेले, हातात एक कागद. परदेशी लोकांची नोंद ठेवणाऱ्या पोलीस कचेरीतून बोलावणं आलं होतं. समोरच्या पार्टीच्या कोणी लेखी तक्रार केली होती: परदेशी इसम ध्वनिक्षेपकावरून मतं मागत होता. बाबांनी दोनच वाक्यं सांगितली. गुन्हा शाबीत धरला तर व्हिसा रद्द होईल आणि याला परत पाठवतील. परीक्षेला पाच आठवडे उरले आहेत. कमोल जिन्याच्या पायरीवर बसला. त्याच्या आईनं त्याच्या जाण्याच्या वेळी होडी विकली होती, हे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. पदवी घेतल्याशिवाय तो त्या किनाऱ्यावर कुठल्या तोंडानं उतरणार होता?

मी म्हटलं, घाबरू नकोस, वकील घरातच आहे. रात्रभर बसून मी त्याच्या नावानं जबाब तयार केला. होता इंग्रजीत, पण थाट कळावा म्हणून मराठीत सांगतो: सदर विद्यार्थ्यास गुजराती भाषेचा गंधही नसून, त्याने काढलेले उद्गार हे अर्थबोधाविना, केवळ गंमत म्हणून, पोपटाप्रमाणे उच्चारलेले असल्याने त्यामागे कोणताही हेतू संभवत नाही. कमोलनं वाचलं. "पण मला येतं, विन्या." मी म्हटलं, हा बचाव आहे, बचावात असं असतं. हा जबाब त्याच्याइतकाच मला वाचवत होता. त्याला भाषाच येत नाही म्हटल्यावर वाक्य कुणाचं, हा प्रश्न कशाला निघेल? हे मी त्याला सांगितलं नाही. स्वतःलाही सांगितलं नाही. पोलिसात नाव लागलेल्या पोराला वकिलीची सनद मिळत नाही, असं मी कुठेतरी ऐकलं होतं.

पोलीस कचेरीतले साहेब पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. बाबा, कमोल आणि मी तीन खुर्च्यांवर ओळीनं. साहेबांनी माझा जबाब सावकाश वाचला, मान हलवली, घंटी वाजवली, आणि चहावाला आत आला तसं सहज कमोलकडे पाहून विचारलं, "चा पीशो ने?"

"हा साहेब," कमोल अदबीनं म्हणाला, "पण खांड जरा ओछी."

साखर कमी! मी डोळे मिटले. उघडले तेव्हा साहेबांनी माझ्या जबाबाची चौपदरी घडी करून ती टेबलावर ठेवली होती, आणि तिच्यावर कमोलचा कप. "हवे बोल," ते म्हणाले. आता बोल. कमोल बोलला. उंधियोपासून सगळं. हातपंप, साखळी, माइक, काही लपवलं नाही. साहेबांनी ऐकून तक्रारीचा कागद उचलला, त्यात उतरून घेतलेलं सभेतलं शेवटचं वाक्य पुन्हा एकदा मनाशी वाचलं आणि कागद बाबांच्या हातात दिला. मग कमोलला विचारलं, "बाकी ठीक आहे. मतं मागणारं हे शेवटचं वाक्य तुला कोणी शिकवलं?"

ह्या ठिकाणी मी लोकांना सांगताना थांबतो, पाणी पितो आणि थेट सुटकेवर येतो. आज सांगतो. बाबा कागद वाचत होते. कमोल कपाकडे पाहत होता. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही, अगदी ठरवून पाहिलं नाही. मला एक शब्द बोलायचा होता: मी. वक्ता माणूस मी, एक अक्षर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुठल्याशा सिमेंट कंपनीचं धरण होतं. मी त्या धरणाचे दरवाजे मोजले. चौदा होते.

"हुं ज बोल्यो, साहेब," कमोल म्हणाला. मीच बोललो.

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत घातला. साहेब जरा वेळ आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहत राहिले. मग म्हणाले, मुलानं खरं सांगितलंय. लेखी माफी घेतो, परीक्षेपर्यंत शहराबाहेर जायचं नाही, आणि दर सोमवारी सकाळी इथे येऊन सही करायची. जामीन म्हणून तुम्ही बरोबर यायचं, हेडक्लार्कसाहेब. चालेल? बाबा म्हणाले, चालेल.

त्या संध्याकाळी बिगुल झाला. कमोल म्हणाला, "खोटा कागद माझ्या नावानं दिला." माझी पाळी आली. मी म्हटलं, "तो कागद मी लिहिला होता." मोठी चूक झाकायला पुढे केलेली ही माझी आयुष्यातली सर्वांत महाग छोटी चूक. बाबा लगेच 'ऐकलं' म्हणाले नाहीत. त्यांनी एक नवीनच प्रश्न विचारला, हजेरीच्या इतिहासात कधी न विचारलेला. "अजून काही?"

"नाही," मी म्हटलं.

"ऐकलं. जेव आता."

मग पाच सोमवार. बाबांची कचेरी साडेदहाची, आणि नोकरीत त्यांना कधी उशिराची खूण लागली नव्हती, हा त्यांचा एकमेव दागिना. पोलीस कचेरी उघडायची साडेदहाला. पाचही सोमवारी संध्याकाळी बाबा ताटामागे उभे राहून म्हणाले, "आज कचेरीत उशीर झाला." आणि आई हलक्या आवाजात म्हणाली, "ऐकलं. जेवा आता." मी समोर उभा असायचो. माझी पाळी येई, मी चपलेचं, नाहीतर न भरलेल्या माठाचं काहीतरी सांगे, आणि बाबा विचारत, "अजून काही?" हा प्रश्न ते फक्त मलाच विचारत. पाच आठवडे संपले, प्रश्न संपला नाही. मला वाटायचं, मी वकील होणार म्हणून त्यांनी ही कोर्टाची रीत लावली असेल.

कमोल पास झाला. मामा पडले. हातपंपाच्या वस्तीत त्यांना भरघोस मतं मिळाली, आणि मी जिथे जिथे बोललो होतो तिथे शिडी आडवी झाली. स्टेशनवर निरोप देताना आईनं त्याला लाडवांचा डबा दिला, तो म्हणाला, "आई, डबा परत करायला येईन." आला नाही. पत्रं मात्र यायची, इंग्रजीत, मधूनच देवनागरीत 'आई' आणि 'काका'. तिकडे जाऊन त्याला तिकडच्या कायद्याच्या परीक्षा पुन्हा द्याव्या लागल्या. मग किनाऱ्यावरच्या एका गावात वकिली. मोठ्या बोटी कोळ्यांची जाळी फाडून जायच्या, ते खटले. बरेच हरला. अशिलं फी म्हणून सुकी मासळी आणतात, ती मी आईला देतो आणि ती विकते, असं लिहिलं होतं. बाबांना ते वाक्य एवढं आवडलं की त्यांनी ते आईला तीनदा वाचून दाखवलं. मग तो निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. पुन्हा उभा राहिला. त्याच्या सभेत व्यासपीठ नसतं, तो माइक घेऊन लोकांत फिरतो आणि विचारतो, असं त्याच्या बायकोनं लिहिलं होतं. निवडून आला, पुढे सभागृहच बरखास्त झालं, तो पुन्हा वकिलीला बसला, पुन्हा निवडून आला. काही महिने मंत्री होता म्हणे. त्याविषयी मात्र त्यानं एवढंच कळवलं की मोटार चांगली होती.

आणि मी? मी नोटरी झालो. चाळीस वर्षं लोक माझ्यापुढे उभे राहून 'वरील मजकूर खरा आहे' असं म्हणत आले, आणि मी त्याच्यावर शिक्के मारले. देवाला विनोदाची चांगलीच जाण आहे. बाबा शेवटी शेवटी अंथरुणावरच जेवायचे, गुरगुट्या भात, मी भरवायचो. आई तेव्हा नव्हती. मीच आधी उभं राहून काहीतरी सांगायचो, सवय म्हणून. अगदी शेवटच्या आठवड्यातही घास तोंडाशी नेला की ते हातानं थांबवायचे आणि विचारायचे, "अजून काही?" मी म्हणायचो, "काही नाही, बाबा. जेवा."

गेल्या महिन्यात माझ्या मुलीनं फोनवर एक व्हिडिओ दाखवला. "बाबा, हे तुमचे कमलकाका ना?" केस पांढरे झालेले, पण शर्टाचं वरचं बटण लावलेलं. राजकारणातून निवृत्त होताना गावकऱ्यांनी ठेवलेलं जेवण होतं. लांबच लांब टेबलं, माणसं उभी, कोणी बसलं नव्हतं. तो बोलत होता, खाली इंग्रजीत अक्षरं येत होती. मध्येच एक शब्द कानावर आला, आणि त्याचं भाषांतर खाली आलं नाही, कारण तो त्यांच्या भाषेतला नव्हताच. "हाजेरी." तो सांगत होता की हिंदुस्थानातल्या माझ्या घरी जेवणाआधी चूक सांगतात, मीही दर वर्षी तुमच्यापुढे सांगत आलो, आज शेवटची. एका बंदराच्या कायद्याला मी न वाचता हात वर केला होता, त्यानं तुमची तीन गावं हलली. ती चूक माझी. कोणा अधिकाऱ्याचं नाव नाही, पक्षाचं नाव नाही. आणि ती शे-दोनशे माणसं एका सुरात काहीतरी म्हणाली आणि खाली बसून जेवायला लागली. मुलीनं विचारलं, "ते काय म्हणाले?" अक्षरं आलीच होती, पण मला वाचायची गरज नव्हती.

लाइनीतला बिगुल आता आमच्यापर्यंत ऐकू येत नाही, मधे इमारती झाल्या. पण त्या दिवशी संध्याकाळ झाली, ताटं मांडली, आणि मी बसलो नाही. बायकोला म्हटलं, दोन मिनिटं. फोन लावला.

"विन्या?" आवाज म्हातारा झालेला, मराठी गंजलेलं. "जेवलास?"

"नाही. आधी हजेरी." मी ताटामागे उभा राहिलो. "सावलीला शेवटचं वाक्य मी तुझ्या कानात सांगितलं. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा गप्प बसलो."

पलीकडे काही ऐकू येईना. मला वाटलं, फोन कट झाला. मग तो हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला. "विन्या, ते वाक्य आठवतं? 'लोकशाहीना आ महायज्ञमां तमारा मतनी आहुति आपो.' महायज्ञ! मला तेव्हा गुजराती काय येत होतं? पाणी, खांड, केटला वाग्या. साहेबांनी विचारलं मला, पण बघितलं तुझ्याकडे. तू कॅलेंडर बघत होतास."

"म्हणजे बाबांना..."

"काकांनी पण वाचला ना कागद. पहिल्या सोमवारी रस्त्यात मी बोलायला लागलो. काका म्हणाले, नको. त्याचं त्याला सांगू दे. मी रोज विचारीन."

मी ताटाकडे पाहत उभा होतो. साऱ्या जगापासून जे गुपित मी राखत आलो, ते सगळ्यांना माहीत होतं. फक्त ते माहीत आहे, एवढं मलाच माहीत नव्हतं. आणि तो म्हातारा मरेपर्यंत भाताचा घास हातानं अडवून वाट पाहत राहिला होता. बायको काही न विचारता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"विन्या," कमोल म्हणाला. आणि मग अगदी बाबांच्या सुरात, त्याच उतारानं, "अजून काही?"

मी नाक पुसलं. "आहे," मी म्हटलं. "तुझी ती दुसरी बाटली मांजरानं नाही फोडली. भाषणाची तालीम करताना माझा हात लागला."

या वेळची शांतता मघाच्यापेक्षा मोठी होती.

"काठोकाठ भरलेली होती ती, विन्या."

"हो."

"ऐकलं," तो म्हणाला. "जेव आता."